बुद्धीची पैसेवारी

मंडळी, पैसेवारी हा शब्द जालना जिल्ह्यात कुणाला समजावून द्यावा लागत नाही. सप्टेंबर सरता सरता नजर अंदाज निघतो, ऑक्टोबरअखेर सुधारित आकडा येतो आणि डिसेंबरात अंतिम. आकडा पन्नासाच्या खाली गेला की गाव टंचाईत, पन्नासाच्या वर राहिला की कागदोपत्री गाव सुखात. रुपयाचे सोळा आणे होते तोवर हिलाच आणेवारी म्हणत. १९५७ साली नवे पैसे आले आणि पुढे आण्यांचे पैसे झाले. म्हातारी माणसे अजून आणेवारीच म्हणतात.

या आकड्याची पारावर जी चिरफाड होते ती ऐकण्यासारखी असते. "कापणी कुणाच्या रानात केली? भारी रानात का मुरमाड रानात? प्रमाण उत्पन्न कोणत्या सालचं धरलं? आमच्या शिवारात पाऊसच पडला नाही, अन् आकडा साऱ्यांना एकच लावला व्हय?" हे प्रश्न अडाण्याचे नव्हेत, बरं का. संख्याशास्त्राच्या अध्यापकाने वर्गात विचारावेत तेच हे प्रश्न आहेत. साताऱ्याकडच्या बुध गावी जन्मलेले पां. वा. सुखात्मे आणि त्यांचे सहकारी वि. गो. पानसे या दोघा मराठी माणसांनी पीकमोजणीचे शास्त्र देशात बसवले, ते याच प्रश्नांची उत्तरे शोधत. नजरेने ठरवू नका, सोयीचे शेत निवडू नका, चिठ्ठी टाकून शेत काढा आणि तिथले पीक कापून मोजा, असा त्यांचा आग्रह. शेतकी खात्यातल्या माणसांसाठी त्यांनी संख्याशास्त्राचे जे इंग्रजी पुस्तक लिहिले ते १९५४ मध्ये निघाले आणि कितीतरी पिढ्यांनी ते वापरले.

आता नवल असे की, पारावर एवढा भांडणारा हाच माणूस दुसऱ्या एका आकड्यापुढे अगदी मुका होतो. समजा, त्याच्या नातवाला शाळेने तपासणीला पाठवले. महिन्याने एक कागद हाती आला. त्यावर टंकलिखित ओळ : बुद्ध्यंक ६८. आजोबा कागदाची घडी घालून कोपरीच्या खिशात ठेवतात आणि मान खाली घालून घरी येतात. गुरुजी हजेरीपटाच्या समासात एक बारीक खूण करतात. पोराला वर्गातल्या शेवटच्या रांगेत जागा मिळते. कुणीही विचारत नाही की कापणी कोणत्या रानात केली आणि प्रमाण उत्पन्न कोणत्या सालचे धरले.

आज आपण त्या कागदावरच्या आकड्याचा इतिहास पाहू या.

ही गोष्ट पॅरिसमध्ये सुरू होते. फ्रान्समध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे झाले, सगळी मुले शाळेत आली, आणि काही मुले इतरांबरोबर चालेनात. त्यांना वेगळी शिकवणी द्यावी असे ठरले. पण अशी मुले निवडायची कशी? शिक्षकाच्या मतावर सोडावे तर जो मुलगा दंगा करतो, ज्याचे तोंड गुरुजींना आवडत नाही, तोच 'मंद' ठरायचा. १९०४ मध्ये सरकारने यासाठी एक समिती नेमली. तिच्यात आल्फ्रेड बिने नावाचे मानसशास्त्रज्ञ होते. पूर्वी त्यांनी मुलांच्या डोक्याचा घेर मोजून बुद्धी ठरवण्याचा खटाटोप केला होता आणि त्यात काही अर्थ नाही हे पाहून तो प्रामाणिकपणे सोडूनही दिला होता. आता त्यांनी थिओडोर सिमों यांच्या साथीने १९०५ मध्ये तीस लहानलहान कामांची यादी केली. डोळ्यांनी दिव्याचा माग काढणे, चित्रातली वस्तू ओळखणे, आकडे ऐकून परत म्हणणे, असली ती कामे. सोपी आधी, अवघड नंतर. १९०८ मध्ये त्यांनी या कामांचे वयाप्रमाणे गट पाडले. सहा वर्षांची बहुतेक मुले जे करतात ते सहाचे काम, आठांची करतात ते आठाचे. आठ वर्षांच्या मुलाला सहाच्या कामापर्यंतच जाता आले, तर त्याचे मानसिक वय सहा.

यात दोन गोष्टी ध्यानात धरा. पहिली, ही पट्टी मुलाला मदत मिळावी म्हणून निघाली, त्याला वगळण्यासाठी नव्हे. दुसरी, बिने स्वतः या आकड्याला मुलाच्या डोक्यातली कायमची वस्तू मानत नव्हते. बुद्धी वाढतच नाही, हे मत त्यांनी १९०९ च्या आपल्या पुस्तकात जोराने खोडून काढले, आणि मागे पडलेल्या मुलांसाठी लक्ष देण्याचे, आठवण ठेवण्याचे व्यायाम तयार केले. १९११ मध्ये ते वारले. पट्टी मागे राहिली. तिच्यासोबतची ही सावधगिरी मात्र फार दिवस टिकली नाही.

१९१२ मध्ये विल्यम स्टर्न या जर्मन पंडिताने सुचवले की मानसिक वयाला खऱ्या वयाने भागावे. १९१६ मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या टर्मन यांनी ही पट्टी सुधारून घेतली आणि भागाकाराला शंभराने गुणले. सहा भागिले आठ, गुणिले शंभर, म्हणजे पंचाहत्तर. हाच बुद्ध्यंक, काही जुन्या पुस्तकांत याला बुद्धिगुणांक म्हटले आहे.

इथे पैसेवारीशी याचे नाते लागते. पन्नास पैसे म्हणजे पन्नास पोती नव्हेत. प्रमाण म्हणून जे पीक धरले, त्याच्या निम्मे. तसेच शंभर बुद्ध्यंक म्हणजे शंभर मापे बुद्धी नव्हे. ज्या मुलांवरून पट्टी आखली त्यांच्या सरासरीइतका, एवढाच त्याचा अर्थ. पुढे भागाकाराची रीत बहुतेक चाचण्यांनी सोडली आणि समवयस्कांच्या रांगेत मूल कुठे उभे आहे ते पाहून आकडा देण्याची रीत आली. तिच्यात सरासरी शंभर असते आणि आकडे दोन्ही बाजूंना अशा बेताने पसरलेले असतात की सत्तराच्या खाली शंभरांतली सुमारे दोन मुले येतात. ती पट्टीच तशी आखलेली असते. त्यामुळे 'देशातली निम्मी मुले सरासरीच्या खाली' असे वाचून कुणी कपाळाला हात लावू नये. निम्मी खाली असायचीच, तशीच ती रचना आहे.

पट्टी अमेरिकेत गेली आणि पहिले महायुद्ध आले. १९१७-१८ मध्ये तिथल्या सैन्याने सुमारे साडेसतरा लाख रंगरुटांची चाचणी घेतली. वाचता येणाऱ्यांना एक कागद, न येणाऱ्यांना चित्रांचा दुसरा. चित्रात काय उणे आहे ते दाखवा, असा एक प्रश्न होता. एका चित्रात टेनिसचे मैदान होते आणि त्यात जाळी नव्हती. ज्याने जन्मात टेनिस पाहिले नाही अशा इटलीच्या खेड्यातून आलेल्या मजुराने काय दाखवावे? लेखी कागदात बाजारात विकल्या जाणाऱ्या मालांची नावे होती आणि ती कशाची हे विचारले होते. अशा परीक्षेतून निष्कर्ष निघाला की गोऱ्या अमेरिकन रंगरुटाचे सरासरी मानसिक वय तेरा वर्षांचे! वॉल्टर लिपमन या पत्रकाराने १९२२ मध्ये साधा प्रश्न केला : देशातल्या सर्वसाधारण प्रौढाची बुद्धी सर्वसाधारण प्रौढापेक्षा कमी, हे कसे? दोष माणसांत नव्हता. प्रौढाचे मानसिक वय सोळा हे प्रमाण टर्मन यांनी कॅलिफोर्नियातल्या थोड्या लोकांवरून धरले होते. प्रमाण उत्पन्नच चढे धरले, मग पैसेवारी खाली येणारच.

याच आकड्यांवर १९२३ मध्ये कार्ल ब्रिगम यांनी पुस्तक लिहिले. त्यांना कोष्टकात एक गोष्ट स्वच्छ दिसली होती. बाहेरून आलेला माणूस अमेरिकेत जितकी अधिक वर्षे राहिला, तितका त्याचा आकडा वर. वीस वर्षे राहिलेल्याचा तर तिथल्या माणसाइतकाच. आता तुम्ही-मी यावरून काय म्हणू? भाषा कळू लागली, रीतिरिवाज कळले, म्हणून आकडा चढला. ब्रिगम यांनी म्हटले, पूर्वी येणारे लोक चांगल्या वंशाचे होते, अलीकडे हलके येऊ लागले! कोष्टक तेच, आकडे तेच, आणि अर्थ मात्र मनात आधीपासून असलेला. पुढे १९३० मध्ये त्यांनी आपली चूक छापून मान्य केली, हे त्यांच्या बाजूने सांगितले पाहिजे. पण मधल्या काळात, १९२४ मध्ये, दक्षिण आणि पूर्व युरोपातल्या लोकांना दारे जवळजवळ बंद करणारा कायदा अमेरिकेत होऊन गेला होता. त्या कायद्यामागे कारणे पुष्कळ होती. पण तेव्हाच्या हवेत हे आकडेही होते.

आता आपल्याकडे येऊ. लाहोरच्या सी. हर्बर्ट राइस यांनी बिनेची पट्टी हिंदुस्तानीत आणली आणि १९२९ मध्ये ती प्रसिद्ध झाली. मराठीत हे काम डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी केले. मुंबई इलाख्याच्या कर्नाटक भागात, मराठी आणि कानडी बोलणाऱ्या मुलांसाठी त्यांनी बिनेची पट्टी नव्याने बसवली. त्याचा लेख १९३४ मध्ये ब्रिटनच्या एका शैक्षणिक मानसशास्त्राच्या नियतकालिकात आला, आणि १९४० मध्ये ऑक्सफर्ड प्रकाशनाने पुस्तक काढले. परकी चाचणी जशीच्या तशी उचलून आपल्या पोरांच्या माथी मारू नये, प्रश्न आपल्या भाषेत असावेत आणि आपल्याच मुलांवर तपासावेत, हा विचार त्या काळी करणे सोपे नव्हते. कामतांचे ऋण मानले पाहिजे. बिने-कामत चाचणी म्हणून ती पट्टी महाराष्ट्रातल्या अनेक बालमार्गदर्शन केंद्रांत आणि रुग्णालयांत आजही वापरली जाते. आपल्या आजोबांच्या हाती जो कागद आला, तसल्या कागदावर तिचे नाव असण्याचा संभव बराच.

मग पारावरचा प्रश्न विचारू या. कापणी कोणत्या रानात झाली? १९३० च्या आसपास, मुंबई इलाख्याच्या दक्षिण टोकाला. तेव्हा जालना कुठे होते? निजामाच्या राज्यात. मराठी बोलणारे पोर वरच्या वर्गात गेले की उर्दूतून शिकत होते, आणि खेड्यात शाळाच विरळा. १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान मुक्त झाले, १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, आणि जालना हा वेगळा जिल्हा झाला १ मे १९८१ रोजी. भोकरदन, जाफराबादकडची बोली, मंठा-परतूरकडची बोली, तांड्यावरची गोरमाटी ही त्या पट्टीच्या हिशेबात कुठेच नव्हती. पोराला घरात 'इळा' माहीत असतो आणि चाचणीवाल्या बाई 'विळा' म्हणतात, एवढ्यानेही एखादे उत्तर अडते.

आणि चाचणी विचारते तरी काय? पुष्कळसे प्रश्न असे की दोन वस्तूंत सारखेपणा काय, चारांत वेगळी कोणती, असे असेल तर तसे होईल का. यावर एक फार बोलका प्रयोग आहे. अलेक्झांडर लूरिया हे रशियन मानसशास्त्रज्ञ १९३१ आणि १९३२ मध्ये उझबेकिस्तानातल्या खेड्यांत गेले. निरक्षर शेतकऱ्यांपुढे त्यांनी चार चित्रे ठेवली : हातोडा, करवत, कुऱ्हाड आणि लाकडाचा ओंडका. वेगळे कोणते? शाळेत गेलेला माणूस म्हणतो, ओंडका, बाकीची हत्यारे. शेतकरी म्हणाले, ओंडका काढून कसा चालेल? तोच नसला तर करवत-कुऱ्हाडीचे काय करायचे? लूरियांनी समजावून पाहिले, तरी ते ओंडका सोडीनात. दुसरा प्रश्न असा की उत्तरेकडे जिथे बर्फ असते तिथली सगळी अस्वले पांढरी असतात. अमुक गाव उत्तरेला आहे, तिथे बर्फ आहे. तर तिथली अस्वले कोणत्या रंगाची? उत्तराचा मथळा असा की, आम्ही तिकडे गेलो नाही, न पाहिलेल्याविषयी कसे बोलावे.

आता हे उत्तर मूर्खपणाचे की शहाणपणाचे? कोर्टात साक्ष द्यायला अशा माणसासारखा माणूस नाही! पण चाचणीत त्याला शून्य. थोडे शिकलेल्या, सामुदायिक शेतीच्या कामात पडलेल्या त्याच भागातल्या लोकांनी तेच प्रश्न पटापट सोडवले. म्हणजे चाचणी जे मोजते त्यात एक मोठा वाटा शाळेच्या सवयीचा आहे : न पाहिलेली गोष्ट क्षणभर खरी धरायची, वस्तू वापरापासून सोडवून तिची जात पाहायची, आणि अनोळखी माणसाने विचारलेल्या निरुपयोगी प्रश्नाला मन लावून उत्तर द्यायचे. ही सवय कमी मोलाची नाही. तिच्याशिवाय बीजगणित येत नाही, खताच्या पिशवीवरचे प्रमाणही वाचता येत नाही. म्हणूनच ही चाचणी शाळेतल्या यशाचा अंदाज बऱ्यापैकी देते. तो किती बऱ्यापैकी, तेही सांगतो. शाळेतले गुण आणि बुद्ध्यंक यांच्यातला संबंध ० ते १ च्या मापावर साधारण ०.५ भरतो. ऐकायला निम्मा वाटतो. पण संख्याशास्त्रात याचा वर्ग करायचा असतो, आणि मुलामुलांच्या गुणांत जो फरक दिसतो त्याचा सुमारे पाव हिस्सा त्यातून उलगडतो. उरलेला पाऊण हिस्सा कष्ट, घर, शिक्षक, प्रकृती, शाळेचे अंतर आणि नशीब यांचा.

शाळेची सवय पसरली की आकडे चढायला हवेत. तसेच झाले. जेम्स फ्लिन या न्यूझीलंडच्या अध्यापकांनी १९८४ मध्ये अमेरिकेचे आणि १९८७ मध्ये चौदा देशांचे जुने-नवे आकडे ताडून पाहिले. जुन्या पट्टीने मोजले तर नव्या पिढीचा आकडा दर दहा वर्षांनी सुमारे तीन अंकांनी चढलेला. पन्नास वर्षांत माणसाचे वाण काही बदलत नाही. बदलले ते शाळा, आहार, रोजचे काम.

यातून आपल्या कागदावर उलटा परिणाम होतो, आणि तो गुरुजनांनी नीट समजून घ्यावा. नव्वद वर्षांपूर्वीच्या मुलांवर आखलेल्या पट्टीने आजच्या शहरी मुलाला मोजले, तर त्याचा आकडा फुगून येईल. ज्याला खरोखर मदत हवी ते मूल सत्तराच्या वर सरकेल आणि प्रमाणपत्र, सवलत, खास शिक्षक यांना मुकेल. तीच पट्टी वाडीवरच्या, वेगळ्या बोलीच्या, शाळा बुडणाऱ्या मुलाला लावली तर त्याचा आकडा भाषेपायी आणि गैरहजेरीपायी खाली ओढला जाईल. एकाच काट्यात दोन चुका, दोन दिशांना. त्या एकमेकींना काटून मूल बरोबर तोलले जाते, असे मात्र कुणी धरू नये.

शाळा बुडण्यावरून ऊसतोडीचा विषय निघतो. आपल्या जिल्ह्यातून, विशेषतः अंबड, घनसावंगी, मंठा, परतूर या भागांतून, दिवाळीच्या सुमारास गाड्या निघतात. मुकादमाची उचल फिटेपर्यंत कोयता चालतो, आणि नवरा-बायकोच्या त्या कोयत्यामागे पोरे फडावर असतात. ती परतेपर्यंत पाडवा उलटून जातो. अशा पोराची चाचणी उन्हाळ्याच्या तोंडाशी घेतली तर आकडा कुणाचा निघाला म्हणायचे, त्याच्या डोक्याचा की उसाच्या हंगामाचा?

हा नुसता तर्क नव्हे. तमिळनाडूतल्या ऊस शेतकऱ्यांवर एक पाहणी झाली आणि ती २०१३ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आली. विल्लुपुरम आणि तिरुवन्नामलै भागातली ५४ गावे, ४६४ शेतकरी. उसाचा पैसा वर्षातून एकदाच येतो. तोडणीआधी कर्ज, गहाण, उसनवारी. तोडणीनंतर हात मोकळा. त्याच माणसाला दोन्ही वेळा आकृत्यांची एक बुद्धिचाचणी दिली. अक्षर लागत नाही, भाषा लागत नाही. तोडणीनंतर बरोबर उत्तरे सुमारे पाव पटीने वाढली. माणूस तोच, मेंदू तोच, चार महिन्यांचे अंतर. कुणी म्हणेल, दुसऱ्या वेळी सराव झाला असेल. ती शंका धरून त्यांनी काही शेतकऱ्यांना फक्त तोडणीनंतरच तपासले. पुढे या लेखातल्या दुसऱ्या काही प्रयोगांवर संख्याशास्त्राच्या जाणकारांनी हरकती घेतल्या आहेत, तेव्हा एका पाहणीवर इमले बांधू नयेत. पण मुलीचे लग्न आणि सावकाराचा तगादा डोक्यात असताना दुसरे काही सुचत नाही, हे ज्याने भोगले आहे त्याला या निकालाचे आश्चर्य वाटणार नाही.

"पण गुरुजी, बुद्धी रक्तातच असते ना? शहाण्याचं पोर शहाणं निघतं." हा प्रश्न नेहमी येतो, आणि त्याला टाळाटाळीचे उत्तर देऊ नये. बुद्धिचाचणीच्या आकड्यात आनुवंशिकतेचा वाटा आहे. जुळ्या भावंडांच्या, दत्तक मुलांच्या पुष्कळ अभ्यासांतून तो दिसतो. पण 'वाटा' या शब्दाचा अर्थ काय, हे जालन्याइतके दुसऱ्या कुठल्या गावाला समजायला सोपे जाऊ नये. जालना म्हणजे बियाण्याचे गाव. १९६४ मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी इथे महिको काढली आणि संकरित बियाण्यांनी गावाचे नाव देशभर नेले. १९९८ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. आनुवंशिकतेचा वाटा मोजायची रीतही मूळ शेतीच्याच गोठ्यातली. इंग्लंडातल्या रोथमस्टेडच्या शेतकी केंद्रात काम केलेले रोनाल्ड फिशर हे तिच्या जनकांपैकी एक.

तर बघा, गावरान बियाण्याची एक पिशवी घ्या. तिच्यात सगळे दाणे काही एका गुणाचे नसतात. अर्धी पिशवी काळ्या कसदार रानात पेरा, पाणी-खत वेळेवर द्या. अर्धी मुरमाड माळावर पेरा. काळ्या रानात एक ताट उंच, एक बुटके. जमीन सारखीच, म्हणजे हा फरक बियाण्याचा. माळावरही तसेच, तिथेही आपसातला फरक बियाण्याचा. म्हणजे दोन्ही रानांत 'वाटा' शंभर टक्के बियाण्याचा. आता दोन रानांची सरासरी ताडून बघा. काळ्या रानातले पीक दुप्पट. हा फरक कशाचा? सगळाच्या सगळा जमिनीचा. पिशवी तर एकच होती! अमेरिकेत १९६९ मध्ये आर्थर जेन्सन यांनी गोऱ्या आणि काळ्या मुलांच्या सरासरीतला फरक बव्हंशी रक्तातला असावा असे सुचवले, तेव्हा रिचर्ड लेवोन्टिन या जीवशास्त्रज्ञाने १९७० मध्ये नेमका हा बियाण्याचा दृष्टान्त दिला. एका गटाच्या आतल्या फरकावरून दोन गटांमधला फरक सांगता येत नाही. आपल्याकडे हाच चुकीचा पाय जातीच्या बाबतीत टाकला जातो. कुठल्या आळीतली पोरे हुशार आणि कुठल्या वस्तीतली मठ्ठ हे ज्यांना चाचणीआधीच माहीत असते, त्यांना आकडा सापडतोच. त्या वस्तीत शाळा कधी पोचली, पोरांच्या पोटात काय होते, मिठात आयोडिन होते की नाही, हे कोष्टकात लिहिलेले नसते.

आणखी एक. हा वाटा सगळीकडे सारखाही नसतो. २००३ मध्ये अमेरिकेत एरिक टर्कहायमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सात वर्षांच्या जुळ्यांचे आकडे पाहिले. सुखवस्तू घरांत आनुवंशिकतेचा वाटा मोठा निघाला, आणि गरीब घरांत जवळजवळ काहीच नाही. युरोपातल्या पाहण्यांत हा भेद तसा ठळक दिसला नाही. तरी कोरडवाहू शेतकऱ्याला याचे कारण शोधायला लांब जावे लागणार नाही. पाऊसच नसेल तेव्हा कोणत्या कंपनीचे बियाणे पेरले याने किती फरक पडतो?

आता पुन्हा आजोबांच्या खिशातल्या कागदाकडे. ६८ हा आकडा सोनाराच्या काट्यावरचा नव्हे. चांगल्यातल्या चांगल्या चाचणीतही पाच अंक इकडे-तिकडे धरावे लागतात. म्हणजे हा मुलगा त्रेसष्टाचा असेल नाही तर त्र्याहत्तराचा. सत्तराची रेघ त्याच्या अंगावरून जाते. म्हणूनच जाणती माणसे आकड्यावर एकट्यावर कधी थांबत नाहीत. बौद्धिक अक्षमता ठरवायची तर आकडा खाली हवा आणि रोजच्या व्यवहारातही मूल अडत असले पाहिजे, दोन्ही एकदम. या दुसऱ्या बाजूसाठी लागणारे साधन आपल्याच राज्यात, नागपुरात घडले. डॉ. आर्थर माल्लिन यांनी तिथे अमेरिकन वेक्सलर चाचणीवरून भारतीय मुलांची बुद्धिचाचणी बसवली, इंग्रजी, हिंदी आणि मराठीत. ती १९६९ ची. त्यांनीच सामाजिक परिपक्वतेची एक मोजणीही इथल्या मुलांसाठी बेतली. तिच्यात मुलाला आकृत्या दाखवत नाहीत. आईला विचारतात : हाताने जेवतो का? कपडे घालतो का? निरोप सांगितला तर पोचवतो का? दुकानातून जिन्नस आणतो का, सुट्टे पैसे बरोबर परत आणतो का?

हे प्रश्न ऐकल्यावर आजी बोलायला लागते. पोरगं शेळ्या नेतं, मोजून परत आणतं. मोटरचं बटण दाबून तासाभरानं दांड मोडतं. पण वाचायला बसवलं की अक्षरं उलटी दिसतात म्हणतं. मग हे मूल मंद नसून त्याची अडचण अक्षराची असेल, कानाची असेल, डोळ्यांची असेल, ते तपासायचे राहिले आहे, हे तपासणाऱ्यालाही कळते. आणि कधी आजीच्याच बोलण्यातून उलटे निघते, की मूल सातव्या वर्षीही निरोप पोचवू शकत नाही. तेव्हा आकडा सत्तराच्या वर असला तरी त्याला मदत हवी आहे.

त्या कागदावर वरच्या बाजूला चाचणीचे नाव असते, तारीख असते. कोणत्या भाषेत घेतली हे बहुधा असते, नसेल तर विचारता येते. तारीख पाहून हंगाम कळतो. नावावरून पट्टी किती जुनी ते कळते. दुसरी, व्यवहाराची मोजणी झाली आहे की नाही, हे खालच्या ओळींत दिसते. झाली नसेल तर ती करून मागावी. मूल नुकते फडावरून आले असेल तर दोन-चार महिने शाळा होऊ द्यावी आणि मग चाचणी पुन्हा घ्यायला सांगावे. आजोबांना यातले काहीच नवे नाही. नजर अंदाज पटला नाही तर सुधारित आकडा मागायला ते दरसाल तहसिलीत जातातच.